आपण होऊन

फेब्रुवारी आला की मला हॉटेलातल्या एसीची थंडी आठवते. पुण्यात या दिवसांत सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. सोसायटीतली दहावी-बारावीची मुलं पुस्तक हातात घेऊन गच्चीवर फेऱ्या मारतात आणि त्यांच्या आया एकमेकींना चहाला बोलावणं बंद करतात. हे सगळं दिसू लागलं की माझ्या खांद्यांवर मस्कतच्या त्या हॉलमधली गार हवा उतरते. बाहेर वर्षातलं सगळ्यात सुंदर हवामान, काचेपलीकडे निळाशार समुद्र, आणि आत आम्ही शाली पांघरून बसलेलो. गळ्यात नावाची पट्टी, पुढ्यात पाण्याची इवलीशी बाटली, चेहऱ्यावर ऐकत असल्याचा भाव.

मस्कतचा हिवाळा हा परिषदांचा हंगाम असतो. उन्हाळ्यात तिथे कुणी पाऊल ठेवायला तयार नसतं, पण नोव्हेंबर लागला की युरोपातले तज्ज्ञ उतरू लागतात. वेळ वाचवा, हात धुवा, नेतृत्व करा, ताण घेऊ नका. हॉटेलच्या दारात ऊदाचा धूर, मग वेलची घातलेला कडू कहवा, मग खजूर, मग चार दिवसांपूर्वी विमानातून उतरलेला माणूस आम्हाला आमच्या देशात कसं वागावं ते सांगणार. ‘आमच्या’ म्हणते, पण तो देश आमचा नव्हता. तिथे आम्ही सगळे कामापुरते होतो आणि हे कुणीही विसरत नसे.

मी मस्कतच्या रुवी भागात एका खाजगी क्लिनिकचा कारभार बघत होते. डॉक्टरांच्या पाळ्या, नर्सेसच्या रजा, औषधांचा साठा आणि विमा कंपन्यांशी चालणारं न संपणारं भांडण हे माझं काम. विम्याच्या दाव्यांत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठला दावा कुठल्या शब्दामुळे परत येतो हे मला कागद न उघडता सांगता यायचं. अशा कामाने माणूस संशयी होतो, की मुळात संशयी असतो म्हणून ते काम जमतं, हे मी शोधायला गेले नाही. ओमानात छत्री क्वचितच लागते, संशय रोज लागतो.

रुवीतल्या आम्हा भारतीयांकडे नोकरी जाण्याची लक्षणं ओळखायचं एक शास्त्रच होतं. अर्बाब, म्हणजे मालक, अचानक घरच्यांची चौकशी करू लागला तर सावध राहायचं. रजा मागण्याआधीच मंजूर झाली तर फारच सावध. आणि हाताखाली नवी ओमानी मुलगी देऊन तुम्हा दोघींना एकत्र परिषदेला पाठवलं, तर बॅगा माळ्यावरून खाली काढायच्या. न मागता मिळालेली कुठलीही गोष्ट तिथे शुभ मानत नसत.

त्या वर्षांत ओमानी मुलामुलींना नोकऱ्या देण्यावर सरकारचा जोर वाढला होता. त्यात गैर काही नव्हतं. देश त्यांचा, मुलं त्यांची, आणि कारभाराच्या खुर्च्या आधी द्यायच्या हेही उघडच होतं. फक्त खुर्चीवर बसलेल्याला उठायची वेळ कुणी सांगत नसे. ती त्याने वासावरून ओळखायची.

तर एका हिवाळ्यात अर्बाबने मला आपण होऊन बोलावलं, घरी सगळे कसे आहेत विचारलं आणि शम्साबरोबर परिषदेला जायला सांगितलं. तीनपैकी दोन लक्षणं एका बैठकीत.

शम्सा तेव्हा नुकतीच रुजू झाली होती. सहम या किनाऱ्यावरच्या गावची मुलगी, काळा अबाया, पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि गाडी अशी चालवायची की शेजारी बसलेल्याला आपले नातेवाईक आठवावेत. तिचं हिंदी टीव्हीवरच्या मालिकांतून आलेलं होतं, त्यामुळे ती साध्या स्टेपलरबद्दलही भावनेने बोलायची. आमचं बोलणं हिंदीत आणि इंग्रजीत चालायचं. इथे मराठीत लिहिते आहे.

परिषदेचा विषय होता कामाच्या जागी लोकांच्या भाषा. मुख्य वक्त्या वेल्सहून आलेल्या. इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला हा डोंगराळ मुलूख मला नकाशावर माहीत होता. त्याला स्वतःची वेगळी भाषा आहे आणि ती कचेऱ्यांत, दवाखान्यांत टिकावी म्हणून तिथे माणसं पगारी कामं करतात, हे माहीत नव्हतं. बाईंचं नाव रिअन. पन्नाशीच्या, आखूड पांढरे केस, पायात दणकट सपाट बूट. बूट पाहून मला जरा बरं वाटलं. पण इतक्या लांबून ही बाई आपली भाषा घेऊन इथे कशाला आली, हिचं विमानाचं भाडं कुणी दिलं आणि ते कुणाकडून वसूल होणार, हे प्रश्न होतेच. कहव्याच्या टेबलाशेजारी कानात घालायची भाषांतराची यंत्रं विकायला मांडून एक माणूस उभा होता. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं.

रिअनबाईंनी त्यांच्याकडच्या पद्धती सांगितल्या. वेल्श बोलणारा कर्मचारी छातीवर नारिंगी बिल्ला लावतो, म्हणजे समोरच्याला न विचारताच कळतं. फोन उचलला की पहिला शब्द वेल्श. बैठकीत ज्याला वेल्श येत नाही तो कानात यंत्र घालतो. नाहीतर काय होतं, त्या म्हणाल्या, एका टेबलाशी वेल्श बोलणारी सात माणसं असतात, आठवा इंग्रजी बोलणारा येऊन बसतो, आणि अख्खं टेबल सभ्यपणे भाषा बदलतं. कुणी कुणाला तसं सांगत नाही. ती सवयच असते.

मग त्यांनी आईची गोष्ट सांगितली. आई म्हातारपणी हॉस्पिटलात होती. आजाराने तिचं इंग्रजी पुसून टाकलं, लहानपणची वेल्श तेवढी राहिली. ती पाणी मागत होती आणि नर्सला कळत नव्हतं. इथे रिअनबाई थांबल्या, चष्मा काढला, खिडकीबाहेर समुद्राकडे पाहिलं आणि चष्मा पुन्हा घातला. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं. "ज्याला गरज असते तो विचारत नाही," त्या म्हणाल्या. "तो थकलेला असतो, किंवा घाबरलेला असतो. म्हणून ज्याच्याकडे आहे त्याने आधी पुढे करायचं. आपण होऊन."

शम्साने ते वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं. मी चष्म्याकडे बघत होते.

परत आल्यावर अर्बाबला बिल्ल्यांची कल्पना फार आवडली, कारण ती स्वस्त होती. रुवीतल्या छपाईच्या दुकानातून नारिंगी गोल बिल्ले आले, ‘माझ्याशी या भाषेत बोला’ असं लिहिलेले. आणि मग जे झालं ते वेल्सच्या कुणाही तज्ज्ञाला सुचलं नसतं. कुणीही आपली भाषा लावली नाही. आमच्या नर्सेस जवळजवळ सगळ्या केरळच्या. त्यांनी इंग्रजी, हिंदी, अरबी लावलं. मल्याळम? "नको मॅडम, सगळे पेशंट आमच्याच गळ्यात पडतील." एका डॉक्टरांना वाटलं, कुणाला अरबी येत नाही ते शोधून काढायची ही युक्ती आहे. शम्साने अरबी आणि इंग्रजी लावलं. मी इंग्रजी, हिंदी आणि थोडी अरबी. न मागता मिळालेला बिल्ला होता तो, आणि आम्ही सगळे रुवीत मुरलेले होतो.

मराठीचा बिल्ला लावला एकट्या परकारभाईंनी. परकारभाई लॅबचे प्रमुख, दापोलीकडचे, क्लिनिकमध्ये माझ्याही आधीपासून. आम्ही इतकी वर्षं एकमेकांशी हिंदीत बोलत होतो. तेही अदबीने, आप-जनाब करून. तो बिल्ला छातीवर मिरवत ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"काय वो मॅडम, आता तरी मराठीत बोलाल की नाय?"

"तुम्ही इतकी वर्षं का नाही बोललात?"

"तुम्ही रोज फोनवर लेकीला सांगता, कुकर बंद कर, दूध उतू जाईल. ते मला कळत नव्हतं, असं वाटलं काय तुम्हाला? मला तुमच्या घरी कधी काय शिजतं ते पाठ हाय."

"मला वाटलं, तुम्हाला उर्दू जवळची."

"उर्दू शाळेत होती. आई मारायची ती मराठीतून." ते खुर्ची ओढून बसले. "आमचं नाव ऐकलं की लोक आपसूक हिंदीवर जातात. मग आपणपण जातो. कशाला कुणाला अवघड करायचं? पण तुमचं हिंदी ऐकून आता कान किटले. आपला मुद्दा काय, तर ती पोरगी तुमच्या खुर्चीवर बसणार. ध्यानात ठेवा."

"ठाऊक आहे."

"मग इचारा ना अर्बाबला, कधी ते."

विचारायचं नव्हतंच मला. अर्बाब वाईट माणूस नव्हता, नुसता चालढकल करणारा होता, आणि चालढकल करणाऱ्याला प्रश्न विचारला की तो दचकून काहीतरी ठरवून टाकतो. न विचारलेली गोष्ट लांबते. मला ती लांबायला हवी होती पुढच्या मार्चपर्यंत, कारण पुढच्या मार्चमध्ये माझ्या लेकीची, सायलीची, बारावी होती.

सगळं त्यावर येऊन टेकलं होतं. सायलीचे वडील सहमला शेतीपंपांच्या कंपनीत होते, कंपनीच्या खोलीत राहत, आणि त्यांच्या हुद्द्याला कुटुंब आणायची मुभा नव्हती. सायलीचा व्हिसा माझ्या नोकरीवर होता, अर्बाबनेच खटपट करून मिळवून दिलेला. रुवीतला फ्लॅट क्लिनिकचा, त्याच इमारतीत वर. माझी नोकरी गेली असती तर राहायची जागा आणि राहायचा हक्क दोन्ही एका सहीत जाणार होते, आणि जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय तिथे दुसरी नोकरी धरता येत नसे. बारावीच्या मध्यात मुलीला उचलून पुण्यात कुठल्या शाळेत बसवणार? आणि ती मुलगी शाळेत मैत्रिणींशी इंग्रजी बोलणारी, आजीला फोनवर "आजी, मी जेवण खाल्ली" सांगणारी. म्हणून मी दर महिन्याच्या शेवटी अर्बाबच्या केबिनवरून पावलं न वाजवता जात असे.

त्या वर्षी गुरुवारी संध्याकाळी शम्सा आम्हाला सहमला सोडू लागली. शुक्रवार-शनिवार सुट्टी, ती आईकडे जायची आणि आम्ही सायलीच्या बाबांकडे, त्यांच्या कंपनीतल्या एका कुटुंबाच्या घरी. हीसुद्धा न मागता मिळालेली गोष्ट. पहिल्या खेपेला मी पेट्रोलचा विषय काढला तर तिने कानावर हात ठेवले. मागच्या सीटवर सायली रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसायची आणि पाच मिनिटांत झोपायची. उजव्या हाताला मावळतं ऊन पडलेली खजुराची झाडं, डाव्या हाताला लांबवर डोंगरांची करडी रेघ, मध्ये सरळसोट रस्ता आणि शम्साचा उजवा पाय.

वाटेत तिला आईचा फोन यायचा. मग ती वेगळीच भाषा बोलायची, भराभर, हसत, मध्येच रागावत. क्लिनिकमधली शम्सा आवाज वर चढू देत नसे. ही शम्सा चक्क ओरडायची. ती अरबी नव्हती, एवढं मलाही कळत होतं.

"बलुची," ती म्हणाली. "आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ जण बोलतात."

"मग तिचा बिल्ला का नाही लावलास?"

तिने रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमची कुठे आहे?"

मागून सायली झोपेतून उठून म्हणाली, "आई, यू डाउट एव्हरीवन." म्हणजे ती झोपलेली नव्हती.

खरं होतं. पण संशयाचं एक आहे, तो तुम्हाला लक्ष द्यायला लावतो. मी बघत होते की शम्सा विम्याचं काम शिकायला टाळाटाळ करत नाही, उलट मागे लागते. ज्या चुका मी एकदा दाखवल्या त्या ती पुन्हा करत नव्हती. माझ्या गैरहजेरीत तिने एकदा परत आलेला दावा मंजूर करून आणला, तेव्हा परकारभाई लॅबच्या दारातून नुसतंच माझ्याकडे बघून भुवया उडवून गेले. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. चांगली शिकवणारी बाई स्वतःच्या पायाखालची सतरंजी स्वतःच गुंडाळत असते. पण वाईट शिकवणं मला जमत नव्हतं; विमा कंपनीपुढे क्लिनिक हरलेलं मला बघवत नसे.

पुढचा फेब्रुवारी आला. बोर्डाची परीक्षा तोंडावर, आणि अर्बाबने पुन्हा आम्हा दोघींना परिषदेला पाठवलं. तेच हॉटेल, तोच ऊद, तीच थंडी. रिअनबाई पुन्हा आल्या होत्या. पुन्हा आईची गोष्ट. आई पाणी मागते, नर्सला कळत नाही, विराम, चष्मा, समुद्र, चष्मा. अगदी त्याच जागी.

"बघितलंस?" मी शम्साला कोपराने ढोसलं.

"काय?"

"चष्मा. गेल्या वर्षीही तिथेच काढला होता."

"मॅडम, खरी गोष्ट दोनदा सांगितली म्हणून ती खोटी होते का?"

"गोष्ट नाही होत. विराम होतो."

मध्यंतरात मी सरळ रिअनबाईंकडे गेले. त्या एकट्याच कोपऱ्यात खजुराच्या बिया कागदी रुमालात गुंडाळत उभ्या होत्या. मी म्हटलं, तुमच्या आईची गोष्ट मी दोनदा ऐकली, ती खरी आहे का? माझ्या मागे शम्सा शरमेने "मॅडम, मॅडम" करत होती.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आधी माझ्या पट्टीवरचं नाव वाचलं, मग हसल्या. "आई खरी. हॉस्पिटल खरं. नर्सला कळलं नाही तेही खरं. पण आई पाणी मागत नव्हती. ती नर्सला शिव्या देत होती. आयुष्यभर कधी तोंडातून न काढलेल्या. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला हसूच आवरेना. स्टेजवर शिव्या चालत नाहीत हो. पाणी चालतं."

"आणि चष्मा?"

"तो मी शिकले. एका अभिनेत्याकडून, पैसे देऊन."

त्या क्षणापासून मला ती बाई पटली. शम्साला मात्र धक्का बसला. शेवटचं भाषण चालू असताना तिने फोनमध्ये ते वर्षापूर्वी टिपलेलं वाक्य उघडलं, वाचलं, बंद केलं. मी तिरक्या नजरेने पाहत होते. मी नेहमीच पाहते.

परतताना तिने गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं. रुवीत क्लिनिकच्या इमारतीखाली गाडी थांबली. समोरच्या दुकानांचे दिवे लागत होते, जवळच्या मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली होती. वर आमच्या खिडकीत सायली पुस्तक घेऊन फेऱ्या घालताना दिसत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी पट्टा सोडला. शम्साने इंजिन बंद केलं नाही. अजान संपेपर्यंत ती थांबली.

"मॅडम, तुम्ही विचारणार नाही."

"काय विचारणार नाही?"

"म्हणून मी आपण होऊन सांगते. तुमची जागा मला देणार आहेत. अर्बाबने मार्चच्या पहिल्या तारखेपासून ठरवलं होतं."

मी वर खिडकीकडे पाहिलं. सायली नेमकी पडद्याआड गेली होती.

"होतं?"

"मी गेले त्यांच्याकडे. सांगितलं, सायलीचा शेवटचा पेपर होईपर्यंत मी ती खुर्ची घेणार नाही. एप्रिलच्या शेवटी घेईन. ते म्हणाले, इन्शाल्ला. मी म्हटलं, इन्शाल्ला नको, हो म्हणा. ते हो म्हणाले."

इतके महिने मी ज्या प्रश्नाला टाळून चालत होते त्याचं उत्तर असं समोर पडलं होतं. दुसरी कुणी असती तर तिने त्या मुलीचा हात हातात घेतला असता. मला पहिलं सुचलं ते हे: "हे तू सायलीसाठी केलंस, की तुला विम्याचे मोठे दावे अजून जमत नाहीत म्हणून?"

तिने खरंच विचार केला. नाक आक्रसून, समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत.

"दोन्ही," ती म्हणाली.

तिने ‘सायलीसाठी’ एवढंच म्हटलं असतं तर मी वर जाऊन बॅगा भरायला घेतल्या असत्या. ‘दोन्ही’ ऐकलं आणि मी पदर सावरून खाली उतरले, तिला म्हटलं, उद्या लवकर ये, शस्त्रक्रियेच्या दाव्यांपासून सुरू करू.

तरी सकाळी मी खात्री करून घेतलीच. क्लिनिकची सरकारी कामं करणारा मंदूब जिन्यात भेटला तेव्हा सहज म्हटलं, सायलीच्या व्हिसाचं काही करायला हवं का? "खलास, मॅडम," तो घाईत म्हणाला. "मुलीची परीक्षा होईपर्यंत काही हलवायचं नाही, अर्बाबने सांगितलंय." मग मी चहा घेतला. त्या वर्षातला मला चव लागलेला पहिला चहा.

मार्चभर घरात सायली अभ्यास करत होती आणि खाली शम्सा. मला दोघींना एकाच आवाजात ओरडायची सवय लागली. सायली शेवटच्या पेपरला निघाली त्या सकाळी परकारभाईंनी लॅबमधून फोन करून तिला स्वच्छ मराठीत आशीर्वाद दिला. तिला त्यातला अर्धाच कळला, पण ती "थँक यू काका" म्हणाली, आणि ते दिवसभर सगळ्यांना सांगत होते की पोरीने काका म्हटलं.

एप्रिलमधली एक दुपार आहे. मी शम्साच्या खुर्चीवर बसले होते आणि ती माझ्या; तिनेच अदलाबदल करून बघू म्हटलं होतं. किनाऱ्याकडची एक म्हातारी मुलाबरोबर आली. मुलगा अरबीत सगळं सांगत होता, म्हातारी गप्प, बुरख्याची कड बोटांभोवती गुंडाळत. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शम्सा उठली, टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेली आणि बलुचीत बोलली. गाडीतल्या आवाजात, मोठ्याने. म्हातारीने दचकून वर पाहिलं आणि मग जे बोलायला लागली ते डॉक्टरांनी आत बोलावलं तरी थांबेना. मुलगा बिचारा बाजूला उभा. मला एक अक्षर कळलं नाही. शम्साच्या छातीवर बिल्ला नव्हता, शेवटपर्यंत तिने तो लावला नाही. तेव्हा मला दिसलं की आता ती खुर्ची तिची आहे. आणि हे पाहताना मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

निघायच्या दिवशी परकारभाई खाली टॅक्सीपर्यंत आले. "जपून जा बाय," म्हणाले. "आणि पुण्यात जाऊन लोकांशी हिंदीत बोलू नका, घाबरतील ते." पुण्यात उतरल्यावर मी रिक्षावाल्याशी हिंदीत बोलले. तोही हिंदीतच बोलला. घर येईपर्यंत आम्ही दोघं व्यवस्थित हिंदीत भांडलो, आणि सुटे पैसे देताना कळलं की तो साताऱ्याचा आहे. सवय आहे, कुणी कुणाला सांगत नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत शम्साने फोनवर एक दुवा पाठवला. तीच परिषद, आता संगणकावर घरबसल्या बघता येते. वक्त्यांमध्ये तिचं नाव. मी कुकर लावला, शाल घेतली आणि बसले. शाल कशाला घेतली कोण जाणे; पुण्यात उकडत होतं.

शम्सा छान बोलली. अंगाने भरली आहे, आवाजाला वजन आलं आहे. शेवटी तिने गोष्ट सांगितली. आमच्याकडे एक वरिष्ठ बाई होत्या, भारतातल्या. त्यांच्या मुलीची परीक्षा होती. त्या कधीच काही विचारत नसत. मी त्यांच्या मुलीसाठी, आपण होऊन... इथे ती थांबली. डोक्यावरची ओढणी नीट केली, कुठेतरी लांब पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं. अगदी त्या जागी.

कार्यक्रम संपल्यावर मी निरोप पाठवला: ‘दोन्ही होतं. एक गाळलंस.’

लगेच फोन आला. ती हसत होती. "मॅडम, स्टेजवर दोन्ही चालत नाही. एकच चालतं. तुम्हाला हवं तर तुम्ही लिहा."

म्हणून लिहिलं. विराम घेतलेला नाही.